पिकअपचे ब्रेक पेडल मऊ लागणे : कारणे, तपासणी आणि उपाय

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत शेतमालाची वाहतूक पूर्वी मुख्यतः बंडीने होत असे. आज धान, कापूस, भाजीपाला, मोहफुले, खताची पोती, बियाणे, इतकेच नव्हे तर फवारणी पंप व मळणीयंत्राचे सुटे भागसुद्धा लहान मालवाहू गाडीतून, म्हणजेच पिकअपमधून नेले जातात. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी येथील बाजारपेठा व राईस मिल यांच्याशी आडवळणाची गावे या गाड्यांमुळेच जोडली गेली आहेत.

परंतु या भागातील रस्ते ब्रेकची कसोटी पाहणारे आहेत. कोरची-कुरखेडा मार्गावर बेडगावचा घाट आहे. मूल-चंद्रपूर मार्गावर चितळ किंवा रानडुकरांचा कळप केव्हा आडवा येईल याचा नेम नसतो. आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे जाताना गॅरेज सहजासहजी सापडत नाही. अशा ठिकाणी पेडल मऊ लागू लागले तर गाडीधारकापुढे पहिला प्रश्न असतो तो गाडी गॅरेजपर्यंत न्यावी की मेकॅनिकला गाडीपर्यंत आणावे हा. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पेडलच देते. ते कशा प्रकारे मऊ झाले आहे एवढे नीट पाहिले की दोष कोठे आहे व तो कितपत गंभीर आहे याचा बराचसा उलगडा होतो.

ब्रेक कसे काम करतात?

पेडल दाबले की त्याचा दांडा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे ढकलतो. सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल असते. द्रवपदार्थ दाबाने आकसत नाही, त्यामुळे पायाचा दाब बारीक लोखंडी नळ्या व रबरी होज पाईप यांतून जसाच्या तसा चाकांपर्यंत पोहोचतो. बहुतेक पिकअपमध्ये पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढे कॅलिपर पॅडला डिस्कवर दाबतो, तर मागे व्हील सिलिंडर ब्रेक शूंना ड्रमवर फाकवितो. पायाला कमी जोर लागावा म्हणून मास्टर सिलिंडरच्या मागे निर्वात दाबावर चालणारा बूस्टर बसविलेला असतो.

या साखळीत द्रवाच्या जागी हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला, द्रव कोठून तरी बाहेर गेला, किंवा शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढले, तर पेडलचा प्रवास वाढतो. हवा दाबाने आकसते. त्यामुळे पायाचा जोर चाकावर न जाता बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. फुग्यावर पाय ठेवल्यासारखे पेडल लागते, ते यामुळेच.

आजच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात. एका भागातील ऑइल गेले तरी दुसरा भाग काही चाकांना ब्रेक लावतो. ही सोय जीव वाचविण्यासाठी आहे. पेडल एकदम खोल जाऊनही गाडी थांबते म्हणून "अजून चालते" असे समजणे धोक्याचे आहे, कारण अशा वेळी गाडी बरीच पुढे जाऊन थांबते.

प्रथम पेडलची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि पुढील चार चाचण्या क्रमाने घ्याव्यात. यासाठी कोणत्याही हत्याराची गरज नाही.

१) इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. बूस्टरमधील निर्वातता संपून पेडल कडक होते. आता मध्यम जोराने ते अर्धा मिनिट दाबून धरावे. निर्दोष पेडल जागच्या जागी राहते.

२) पेडल तसेच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले तर बूस्टर ठीक आहे. पेडलची ही छोटी हालचाल म्हणजे दोष नव्हे. पुष्कळदा गाडीधारक यालाच ब्रेक मऊ झाला असे समजतात.

३) इंजिन चालू असताना पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकते काय ते पाहावे.

४) पेडल सोडून लागोपाठ दोन-तीन वेळा दाबावे. प्रत्येक वेळी ते वर येते काय आणि वर आल्यावर पायाला घट्ट लागते की लवचीक लागते, याची नोंद घ्यावी.

त्यानंतर ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी पाहावी. टाकीवर कमाल व किमान अशा दोन खुणा असतात.

लक्षणावरून दोष ओळखणे

१) पेडल लवचीक लागते, पंप मारल्यावर थोडे वर येते : ऑइलमध्ये हवा शिरलेली आहे. नुकतेच काही काम केले असेल तर हवा नीट काढली गेलेली नाही. काम झालेले नसताना हवा शिरली असेल तर ती कोठून तरी आत आली आहे, म्हणजेच गळती आहे किंवा टाकीतील ऑइल फार खाली गेले होते. केवळ हवा काढून गाडी पुन्हा रस्त्यावर आणू नये, आधी गळती शोधावी.

२) पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट लागते : मागील शू झिजले आहेत किंवा त्यांचे अॅडजस्टमेंट सैल झाले आहे. स्वयंचलित अॅडजस्टर चिखल व गंज यांमुळे अडकल्यासही असे होते. खराब रस्त्यावरून गेल्यानंतरच पहिला दाब खोल जात असेल तर पुढील चाकांचे बेअरिंग सैल आहे काय ते पाहावे. चाक डगमगले की डिस्क पॅडला मागे ढकलते.

३) दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली सरकते आणि टाकीतील पातळीही घटते : बाहेर गळती आहे.

४) पेडल हळूहळू खाली सरकते, परंतु पातळी घटत नाही व कोठेही ओल दिसत नाही : मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजले असून ऑइल आतल्या आत मागे जात आहे. हा दोष फसवा आहे. जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबते, पण उतारावर हलका पाय ठेवून राहिले की पेडल तळाला जाते.

५) पेडल सकाळी चांगले असते, लांब उतारानंतर मऊ होते आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक होते : ब्रेक ऑइलने पाणी शोषले आहे. उष्णतेने त्यातील पाण्याची वाफ होते. गाडी थंड झाल्यावर खूण उरत नाही, म्हणून मालक निर्धास्त राहतो.

६) पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही : हा वेगळा दोष आहे. ड्रममध्ये पाणी, चिखल किंवा ग्रीस गेले असेल, लायनर तापून निसरडे झाले असतील किंवा बूस्टर काम करीत नसेल.

वरीलपैकी १, ३, ४ व ५ ही लक्षणे आढळल्यास गाडी माल भरून मुळीच चालवू नये. पेडल तळाला टेकत असेल, ऑइल चाकावर किंवा जमिनीवर ओघळत असेल अथवा टाकी रिकामी झाली असेल तर रिकामी गाडीसुद्धा हलवू नये, मेकॅनिकलाच गावात बोलवावे. त्याच्या फेरीचे भाडे जड वाटले तरी अपघाताच्या मानाने ते काहीच नाही.

पंप मारून गाडी चालविण्याची सवय

"दोनदा पंप मारला की ब्रेक लागतो" असे म्हणून कित्येक गाड्या महिनोन्महिने चालविल्या जातात. याचा हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने सुमारे ११ मीटर जाते. पंप मारण्यात एक सेकंद गेला तर ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी तेवढे अंतर कापते. रस्त्यावर शाळेतून परतणारे मूल किंवा बैलबंडी असेल तर हे अंतर मिळत नाही.

भाराचाही विचार करावा. १३०० किलो क्षमतेच्या गाडीत ४० किलोची ३२ पोती भरली की क्षमता संपली. त्यावर आणखी १० पोती टाकली तर ४०० किलो जादा भार ब्रेकला पेलावा लागतो. वेग दुप्पट झाला तर गाडीतील ऊर्जा चौपट होते आणि ती सर्व ब्रेकला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते.

रोवणी व तेंदू हंगामात मालवाहू गाडीत मजूर बसविण्याची प्रथा दिसून येते. ती कायद्याविरुद्ध आहेच, शिवाय अत्यंत घातक आहे. दिनांक २० मे २०२४ रोजी शेजारच्या छत्तीसगडमधील कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपाने गोळा करून परतणाऱ्या मजुरांची पिकअप रस्त्याखाली कोसळून १९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक महिला होत्या. अपघाताचे कारण कोणतेही असो, मागे उघड्यावर बसलेल्या माणसाला कोणताही आधार नसतो. मजुरांसाठी प्रवासी वाहनाचीच व्यवस्था करावी.

गळती कोठे शोधावी?

● मास्टर सिलिंडर व बूस्टर यांच्या सांध्याखाली ओल किंवा रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ही खूण उपयोगी पडते.

● चारही चाकांची आतील बाजू पाहावी. टायरवर वरून खाली ओघळ आलेला असेल तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर गळत आहे.

● मागील ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलून पाहावी. आत ऑइल साचलेले असेल तर वॉशर किट बदलावे. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदलावा.

● होज पाईप वाकवून तडे पाहावेत. एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने पाईप फुगतो काय ते बघावे. जंगलातील कच्च्या रस्त्यावर खुंट व बांबूचे तुकडे लागून हे पाईप कापले जातात.

● लोखंडी नळ्यांवरील चिखल धुऊन गंज तपासावा. खताची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत सांडलेले खत ओलाव्याने विरघळून चेसिसवर उतरते व नळ्या लवकर गंजतात. खत उतरविल्यावर गाडी खालून पाण्याने धुवावी.

मागील चाकात दिसणारी ओल ब्रेक ऑइलची की अॅक्सलमधील गिअर ऑइलची, याची शंका असल्यास सोपी परीक्षा करावी. वाटीभर पाण्यात तो द्रव थोडासा टाकावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, तर गिअर ऑइल तवंग धरून वर तरंगते. गिअर ऑइल असेल तर अॅक्सलचे ऑइल सील बदलावे लागते. दोन्हीपैकी कोणत्याही ऑइलने भिजलेले लायनर उन्हात वाळवून किंवा जाळून पुन्हा बसवू नयेत, दोन्ही बाजूंचे नवीन घालावेत.

ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरू नये, खाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ओंडका द्यावा.

ब्रेक ऑइलविषयी महत्त्वाचे

ब्रेक ऑइल हे नावाने ऑइल असले तरी खनिज तेल नाही. ते हवेतील ओलावा शोषून घेते. नवीन डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० व १५५ अंश आहेत. आपल्याकडे पावसाळा दमट आणि उन्हाळा कडक असल्याने पावसाळ्यात शोषलेले पाणी पुढच्या मे महिन्यात घाटात नडते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसल्यास दर दोन वर्षांनी, सर्व ऑइल बदलावे.

१) टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल वापरावे. डॉट-५ हे सिलिकॉनचे असते, ते डॉट-३ किंवा डॉट-४ मध्ये मिसळू नये.

२) अडचणीच्या वेळीसुद्धा इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल किंवा गोडेतेल टाकीत टाकू नये. त्यामुळे सर्व रबरी वॉशर फुगतात व मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सर्व भाग बदलण्याची वेळ येते. असे चुकून घडल्यास गाडी जागीच उभी ठेवावी.

३) उघडा राहिलेला अर्धवट डबा पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. लहान सीलबंद डबा घ्यावा.

४) पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, हे नैसर्गिक आहे. पातळी उतरलेली दिसताच नुसते ऑइल भरू नये, आधी पॅडची जाडी व गळती पाहावी.

५) हे ऑइल विषारी आहे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये.

हवा काढण्याची पद्धत

गळती दुरुस्त केल्यावरच हे काम करावे. त्यासाठी दोन माणसे, निप्पलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, काचेची बाटली व नवीन ऑइल एवढे साहित्य लागते.

१) टाकीचे झाकण पुसून उघडावे व टाकी कमाल खुणेपर्यंत भरावी.

२) पुस्तिकेत वेगळा क्रम दिलेला नसल्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वात दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. साधारणपणे मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे व शेवटी पुढील उजवे असा क्रम असतो.

३) निप्पल स्वच्छ करून त्यावर नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडलेले असावे.

४) एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निप्पल अर्धा फेरा सैल करावे. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतील. निप्पल आवळल्यानंतरच पेडल सोडावे. आधी सोडल्यास हवा परत आत ओढली जाते.

५) बुडबुडे येणे पूर्ण थांबेपर्यंत ही क्रिया करावी. प्रत्येक चार-पाच दाबांनंतर टाकीत ऑइल घालावे. टाकी रिकामी झाली तर सर्व काम पुन्हा करावे लागते.

६) जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, खाली लाकडाचा तुकडा ठेवावा. सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून वॉशर गेले की ते कापले जातात.

७) बाटलीत आलेले ऑइल पुन्हा वापरू नये. ते विहीर, बोडी किंवा बांधीत टाकू नये.

ज्या गाड्यांत एबीएस आहे तेथे काही वेळा यंत्राच्या साहाय्यानेच हवा निघते. अशा गाड्यांचे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. काम झाल्यावर वरील चारही चाचण्या पुन्हा घ्याव्यात. नंतर मोकळ्या मैदानात रिकामी गाडी ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाने चालवून ब्रेक तपासावा. माल भरण्याची वेळ त्यानंतरची.

उतारावर पेडल खाली गेल्यास

१) पेडल भराभर पंप करावे. थोडा दाब तयार होण्याची शक्यता असते.

२) गाडी न्यूट्रल करू नये. एकेक करून खालच्या गिअरमध्ये आणावी, इंजिन गाडीला रोखते.

३) इंजिन बंद करू नये व किल्ली काढू नये. इंजिन बंद झाले की बूस्टरचे साहाय्य थोड्याच दाबांत संपते आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

४) हॅण्डब्रेकचे बटण दाबून ठेवून तो थोडा थोडा ओढावा. तो तारेने चालतो, त्याचा ऑइलशी संबंध नसतो. एकदम ओढल्यास मागील चाके घसरतात.

५) हॉर्न व दिवे चालू ठेवावेत आणि दरीच्या विरुद्ध बाजूला, मातीच्या भरावाकडे किंवा चढाकडे गाडी घ्यावी.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय पूर्णपणे टाळावी. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

हंगामानुसार काळजी

पावसाळ्यात : चिखलणीच्या बांधीतून किंवा नाल्यातून आल्यावर चाकांची आतील बाजू धुवावी. पाण्यातून बाहेर पडताच कमी वेगाने हलका ब्रेक लावीत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रम कोरडे होतात. पुराचे पाणी पुलावरून वाहत असताना गाडी घालू नये.

दिवाळीपूर्वी : धान वाहतूक सुरू होण्याआधी शू, पॅड, व्हील सिलिंडर व होज पाईप तपासावेत. ऑइल बदलण्याची मुदत आली असल्यास कोरड्या दिवशी बदलून घ्यावे.

उन्हाळ्यात : लांब उतारानंतर गाडी थांबवून चाकांजवळ हात नेऊन पाहावे, तापलेल्या ड्रमला हात लावू नये. एकच चाक जास्त तापले असेल तर तेथील ब्रेक अडकलेला आहे.

रोज : गाडी काढण्यापूर्वी पेडल एकदा दाबून धरावे व उभ्या जागेखाली ओल आहे काय ते पाहावे. या कामास एक मिनिटही लागत नाही.

गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकांनी चालकास स्पष्ट सांगून ठेवावे की, पेडल मऊ लागल्यास फेरी रद्द करावी, त्याबद्दल त्याला बोल लावला जाणार नाही. फेरी बुडेल या भीतीने चालक दोष लपवितो आणि मालकाला तो कळेपर्यंत उशीर होतो. धानाचा काटा दुसऱ्या दिवशीही होऊ शकतो, म्हणून ब्रेकची खात्री झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.